गाण्याच्या सिस्टीमसाठी डीबीपासून वेगळी लाइन: वायर, अर्थिंग आणि हम

मेघमल्हार

घराचं रंगकाम आणि वायरिंग एकदमच काढलं आहे. कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली इमारत, दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. भिंतींना झिऱ्या मारायला लवकरच माणसं येणार आहेत. त्याआधी गाण्याच्या सिस्टीमच्या लाइनचं पक्कं करायचं आहे, कारण एकदा प्लास्टर झालं की पुन्हा भिंत फोडू द्यायला घरात कोणी तयार होणार नाही.

सध्या हॉलमध्ये एकच बोर्ड आहे. त्यावर पंखा, ट्यूब, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, आणि तिथूनच एक्स्टेन्शन ओढून अँप्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालेल असा सिग्नल करणारा डबा), टर्नटेबल आणि सबवूफर. वायर एक चौरस मिमीची दिसते. अँप जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा, चॅनेलला १०० वॉटचा. फ्रिज चालू-बंद झाला की स्पीकरमधून 'टक्' येतं. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की रेकॉर्ड ऐकताना मागे खरखर असते. आणि या सगळ्याखाली एक बारीक हम, म्हणजे सलग घरघर, कायम असतो.

ठरवलंय ते असं: डीबीतून (घरात वीज जिथून वेगवेगळ्या लाइनींत वाटली जाते त्या डब्यातून) थेट वेगळी लाइन, चारची (चार चौरस मिमीची) वायर, टीव्हीच्या भिंतीवर १६ अँपियरचे पॉइंट. एका मित्राने सुचवलंय की इमारतीचं अर्थिंग सोडून खालच्या बागेत फक्त ऑडिओसाठी वेगळा रॉड ठोकायचा आणि त्याची वायर थेट वर आणायची. हे करावं का? आणि वेगळ्या लाइनने हम जाईल का?

दीपस्तंभ

मेघमल्हार, भिंत उघडी असताना विचारलंत हे उत्तम. मी परवानाधारक वायरमन आहे आणि स्वतः गाणं ऐकणारा आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

वेगळी लाइन जरूर काढा. पण 'वेगळी' या शब्दात तिन्ही वायरी येतात. फेज वेगळा घेतात, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) देतात आणि न्यूट्रल मात्र वाटेतल्या एखाद्या बोर्डातून उचलतात, असं काम पुष्कळ ठिकाणी दिसतं. मग पंखा, ट्यूब, राउटर यांचा करंट त्याच न्यूट्रलमधून परत जातो आणि वेगळ्या लाइनचा अर्धा फायदा तिथेच संपतो. शिवाय त्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर जाणारा आणि येणारा करंट जुळत नाही, तो ट्रिप होत राहतो आणि वैतागून कोणीतरी तो काढूनच टाकतो. म्हणून लाल, काळी, हिरवी अशा तीन वायरी डीबीपासून बोर्डापर्यंत सलग ओढायला सांगा, मध्ये जॉइंट नको. पाइपमध्ये वायर ओढली जात असताना स्वतः समोर उभे राहा.

आता जाडी. तुमच्या डीबीपासून त्या भिंतीपर्यंत वळणं धरून १२ मीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. एकच्या वायरीत त्याचा रोध साधारण ०.४५ ओहम, अडीचच्या वायरीत ०.१८, चारच्या वायरीत ०.११ ते ०.१२. तुमची सिस्टीम ५ अँपियर ओढते असं धरलं (एवढं ती कधीच सतत ओढणार नाही), तरी एकवर सव्वादोन व्होल्ट पडतील, अडीचवर ०.९ आणि चारवर ०.६. एकवरून अडीचवर येण्यात अर्थ आहे. अडीचवरून चारवर जाऊन ०.३ व्होल्ट मिळतात, आणि रस्त्यावरच्या लाइनचं व्होल्टेज दिवसभरात त्याच्या कैक पट वर-खाली होत असतं. चारची वायर टाकण्यात चूक काही नाही, पण सॉकेटच्या टर्मिनलमध्ये ती कधीकधी नीट बसत नाही, मग कारागीर चार तारा कापून आत कोंबतात. त्यापेक्षा अडीचची वायर, नीट दाबलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) आणि कचकचीत आवळलेला स्क्रू बरा.

हडसनकाठ

इथे न्यू जर्सीत राहतो, तळघरात सिस्टीम आहे. यूट्यूबवर आणि इंग्रजी ऑडिओ मंचांवर जाड वायरीचा जो आग्रह असतो तो बहुतेक अमेरिकेतून आलेला आहे. आमच्याकडे भिंतीत १२० व्होल्ट असतात. तेवढ्याच वॉटला करंट भारताच्या जवळपास दुप्पट लागतो, म्हणून तेवढ्याच वायरीत व्होल्टही दुप्पट पडतात. आणि ते पडतात १२० मधून, २३० मधून नाही. टक्केवारी काढली तर नुकसान जवळपास चौपट. म्हणून इथे २० अँपियरची वेगळी लाइन आणि १२ गेजची वायर, म्हणजे साधारण ३.३ चौरस मिमी, ही नेहमीची शिफारस आहे. काही जण १० गेजपर्यंत जातात. तो सल्ला जसाच्या तसा पुण्यात लावायचं कारण नाही.

आणखी एक फरक. इथे घरात विजेच्या दोन जिवंत वायरी येतात, त्यांना पाय म्हणतात, प्रत्येकी १२०, मध्ये न्यूट्रल. अँप एका पायावर आणि बाकीचं दुसऱ्यावर असं करू नका, असं इथे सांगतात. मेघमल्हार, तुमच्याकडे थ्री फेज मीटर असेल तर हीच गोष्ट जास्त महत्त्वाची.

दीपस्तंभ

बरोबर. थ्री फेज असेल तर ऑडिओ, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, म्हणजे एकमेकांना केबलने जोडलेलं जे काही आहे ते सगळं एकाच फेजवर. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर अंतर असतं. एका रॅकच्या मागे दोन फेज आणून ठेवायचं काहीही कारण नाही.

स्वरगंध

माझा अनुभव वेगळा आहे. नाशिकला बंगला आहे. तीन वर्षांपूर्वी ऑडिओसाठी स्वतंत्र अर्थिंग पिट (अर्थिंगचा खड्डा) केला, कोळसा-मीठ घालून, तांब्याची पट्टी. त्या दिवसापासून हम पूर्ण गेला. त्यामुळे मेघमल्हार यांच्या मित्राचा सल्ला मला पटतो. ऑडिओला स्वच्छ अर्थ हवाच.

दीपस्तंभ

स्वरगंध, तुमचा हम गेला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो नवा पिट वेगळा ठेवल्यामुळे गेला की जुनं अर्थिंग तुटलेलं होतं म्हणून? जुन्या बंगल्यांत जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार जमिनीत गंजून तुटलेली असते आणि वर हिरवी वायर नुसती नावाला लोंबत असते. तसं असेल तर तुमच्या सिस्टीमला पहिल्यांदाच खरं अर्थिंग मिळालं, आणि हा फरक मोठाच असतो.

वेगळ्या रॉडला मी इतका ठाम विरोध का करतो ते आकड्यांतच सांगतो. समजा अँपच्या आत फेजची वायर सुटली आणि धातूच्या बॉडीला टेकली. बागेतल्या एका रॉडचा जमिनीशी रोध २० ओहम आहे असं धरा, उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत तो याहूनही जास्त भरतो. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपियर. तुमचा एमसीबी १६ चा. तो कधीच पडणार नाही. अँपची बॉडी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर जिवंत राहील आणि एमसीबीला पत्ताही लागणार नाही. उत्तम पिट करून ५ ओहम आणलात तरी ४६ अँपियरच होतात. १६ चा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला त्याच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६०. आरसीसीबी असेल तर तो ३० मिलिअँपियरला पडेल, म्हणून तो हवाच. पण एकट्या आरसीसीबीच्या भरवशावर अर्थिंग कच्चं ठेवायचं नसतं.

दुसरा धोका विजेचा. जवळ वीज पडली की जमिनीतल्या दोन रॉडमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो. अँपचं अर्थ बागेत, टीव्हीचं इमारतीच्या पिटमध्ये, आणि दोघांना जोडणारी एचडीएमआय केबल मधोमध. तो फरक त्या केबलमधूनच मिटणार. आयएस ३०४३ ही अर्थिंगची भारतीय संहिताही घरातले सगळे अर्थ एकमेकांना जोडा असंच सांगते. पिट दोन करा, तीन करा, पण जाड पट्टीने एकत्र बांधा. स्वरगंध, तुमचा पिट घराच्या मुख्य अर्थबारला (सगळ्या अर्थ वायरी जिथे जुळतात त्या पट्टीला) जोडलेला नसेल तर कृपया या आठवड्यातच जोडून घ्या.

स्वरगंध

जुनं अर्थिंग कोणी कधी मोजलं नव्हतं हे खरं. वायरमनला बोलावलं आहे, मोजून घेतो आणि दोन्ही जोडून घेतो. ही साडेअकरा अँपियरची गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

पांढरीपाच

मला विजेतलं कळत नाही, पण हमबद्दल गाण्याच्या बाजूने लिहिते, कारण पुष्कळांना वाटतं की एवढासा आवाज, त्याने काय होतं.

मी पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी सा धरून, गाते. माझा सा १९६ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ९८. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि अँपमधल्या रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) जी घरघर येते ती १००. आता ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन ठोके पडतात, वॅव-वॅव, वॅव-वॅव. अगदी बारीक हम असला तरी तो खर्जाला हलवतो. विद्यार्थिनींना रेकॉर्डिंग ऐकवताना त्यांना वाटायचं तानपुरा नीट लागलेला नाही, आणि तानपुरा तर उत्तम लागलेला. काळी एकच्या पुरुष आवाजात हे इतकं जाणवत नाही, कारण तिथे खर्ज ६९ च्या आसपास असतो. म्हणून मेघमल्हार, हमचा पाठपुरावा सोडू नका. विलंबित ख्यालात पहिल्या आलापाच्या मागे जी शांतता असते ती गाण्याचाच भाग आहे.

मेघमल्हार

ताई, अगदी हेच. माझ्याकडे रात्री जे खटकतं ते हेच असणार. पण मग दीपस्तंभकाका, तुम्ही अजून सांगितलं नाहीत, वेगळ्या लाइनने हम जाईल का?

दीपस्तंभ

बहुतेक नाही. आणि हे आधी कळलेलं बरं, नाहीतर खर्च होऊन निराशा होते.

हम कुठून येतो ते आधी शोधा, भिंत फोडायच्या आधीच. अँपला जोडलेल्या सगळ्या इनपुट केबल काढा, फक्त स्पीकर ठेवा. शांत झालं? म्हणजे अँप ठीक आहे, हम केबलमधून येतो. मग एकेक जोडत जा. आवाजाची कळ वाढवली की हम वाढतो का तेही पाहा. वाढत असेल तर तो कळीच्या आधी, म्हणजे डॅक, टर्नटेबल किंवा टीव्हीकडून येतो. आणि अँपला कान लावून पाहा: स्पीकर शांत आणि ट्रान्सफॉर्मरच गुरगुरतोय, असं असेल तर ती गोष्ट अगदी वेगळी. लाइनमध्ये थोडा डीसी (एकाच दिशेचा करंट) आला की गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर कुरकुरतात. निम्म्या तापावर लावलेला हेअर ड्रायर हे त्याचं ओळखीचं कारण. त्यावर डीसी ब्लॉकर हा उपाय.

माझा अंदाज असा की तुमचा हम सेट टॉप बॉक्सच्या गोल केबलमधून येतो. ती केबल गच्चीवरून किंवा जिन्यातल्या अँप्लिफायरवरून येते आणि तिच्या जाळीला तिथला अर्थ लागलेला असतो. अँपला तुमच्या बोर्डाचा अर्थ. दोन्हींत काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी तो आरसीए केबलच्या (अँपला गाणं देणाऱ्या साध्या केबलच्या) जाळीतून वाहतो आणि गाण्यात मिसळतो. हा लूप. वायर कितीही जाड टाका, हा लूप तसाच राहतो. ती गोल केबल एकदा उपसून बघा.

मेघमल्हार

काका, उपसली. हम गेला! जवळजवळ पूर्ण. आता फक्त टर्नटेबलवर थोडा उरलाय.

हडसनकाठ

छान. टीव्हीचा आवाज अँपला ऑप्टिकल केबलने द्या, प्रकाशातून जातो म्हणून लूप तुटतो. गोल केबलवर आयसोलेटरही मिळतो, पण घरात डिश असेल तर जपून. डिशच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या रिसिव्हरला) त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातात, आणि साधा आयसोलेटर डीसी अडवतो, चित्रच जाईल. केबल टीव्ही असेल तर चालेल.

दीपस्तंभ

टर्नटेबलच्या मागे एक बारीक हिरवी किंवा काळी सुटी वायर असते, टोकाला चिमटा. ती फोनो स्टेजच्या (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूला आवळलेली आहे का? कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट येतात आणि फोनो स्टेज खालच्या स्वरांना वर उचलतो, ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत आणखी १७ डेसिबल. तिथे पाव मिलिव्होल्टचा हमही कानावर येतो. टर्नटेबल अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर ठेवा. अँपच्या डोक्यावर तर मुळीच नको.

आणि कृपा करून कोणीही हम घालवायला थ्री पिन प्लगची अर्थची पिन काढू नका. ती बाकी दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड केलेली असते कारण ती सर्वात आधी लागावी आणि सर्वात शेवटी सुटावी. दुरुस्तीला आलेल्या अँपमध्ये ती पिन उपटलेली मी पाहिली आहे. बॉडीला हात लावला तर झिणझिण्या, टेस्टर लावला तर पेटतो. टू पिनच्या अडॅप्टरवरही टेस्टर पेटतो, पण तिथे आतल्या छोट्या कपॅसिटरमधून आलेला करंट फार बारीक असतो. अँपच्या लोखंडी बॉडीवर फेज टेकला तर मागे काहीच बारीक नसतं.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून लिहितो. आमच्याकडे जांभा दगड, रॉड आत जाता जात नाही आणि उन्हाळ्यात अर्थ पार कोरडा पडतो. पावसाळ्यात वेगळंच. एकदा रस्त्यावरच्या खांबावर न्यूट्रल तुटला आणि घरात ३०० च्या वर व्होल्ट आले. फ्रिजचा बोर्ड, दोन अडॅप्टर आणि सबवूफर जळाला. एमसीबी जागचा हलला नाही, कारण करंट जास्त नव्हताच, व्होल्टेज जास्त होतं. त्यानंतर डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवला आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारा). कोकणात किंवा गावाकडे सिस्टीम असणाऱ्यांनी वायरीच्या जाडीआधी याचा विचार करावा.

दीपस्तंभ

शंभर टक्के सहमत. पुण्यातही बसवा. सर्ज प्रोटेक्टर मात्र अर्थिंग चांगलं असेल तरच काम करतो, कारण तो सर्ज अर्थमध्येच ढकलतो.

स्टॅबिलायझरबद्दल कोणीतरी विचारेलच. तुमच्याकडे मीटरवर २१५ ते २४५ च्या मध्ये राहत असेल तर नको. रिले प्रकारचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना खटकन तोडतो, तोच आवाज स्पीकरमध्ये येतो. घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवरही सिस्टीम टाकू नका, विशेषतः जुना चौकोनी लहरीचा असेल तर.

मेघमल्हार

फोनोची वायर सैल होती, आवळली. आता रेकॉर्डही शांत आहे. म्हणजे हमसाठी लाइनची गरज राहिली नाही. मग लाइन काढूच नये का?

दीपस्तंभ

काढा. तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या बाकीच्या तक्रारींसाठी काढा. एकच्या जुन्या वायरीवर अख्खा हॉल आणि वर एक्स्टेन्शनची साखळी, हे गाणं बाजूला ठेवलं तरी धोक्याचं आहे. जिथे जॉइंट तापतो तिथे आग लागते.

टीव्हीच्या भिंतीवर एकच मोठा बोर्ड करा, १६ चे दोन आणि ६ चे चार-पाच सॉकेट, आणि ऑडिओ-टीव्हीचं सगळं तिथेच लागू द्या. सगळ्यांचा अर्थ हातभर अंतरात एकत्र आला की त्यांच्यात फरक पडायला जागाच उरत नाही. मला विचाराल तर या सगळ्या कामातला सर्वात मोठा फायदा हाच. राउटरही तिथेच.

एमसीबी सी प्रकारचा १६ चा घ्या. बी प्रकार तीन ते पाच पटीलाच पडतो आणि तुमच्या अँपचा जड ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर मोठा घोट घेतो, त्याने तो उगाच पडेल. फ्रिजचं 'टक्' कमी होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही, कारण दोन्ही लाइन डीबीत एकत्र येतातच. उरलं तर फ्रिजच्या सॉकेटवर स्पार्क सप्रेसर लावू. पंख्याची खरखर मात्र लाइन बदलून जाणार नाही. गोल फिरणारा ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर प्रत्येक लहर मधेच कापतो, खरखर त्याची. तो काढून ठरावीक टप्प्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावा. खर्च सर्वात कमी आणि कानाला फरक सर्वात जास्त.

पांढरीपाच

मेघमल्हार, भिंत उघडी आहेच तर स्पीकरच्या वायरींसाठीही रिकामा पाइप टाकून ठेवा. आमच्याकडे तो राहून गेला.

दीपस्तंभ

ताईंचं ऐका. फक्त तो पाइप विजेच्या पाइपला चिकटून समांतर नको, किमान फूटभर अंतर, आणि ओलांडावाच लागला तर काटकोनात. त्यात ओढायची दोरी घालून ठेवा.

प्लास्टर करण्याआधी दोन गोष्टी. प्रत्येक भिंतीचा मेजरिंग टेप धरून फोटो काढा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो. आणि वायरमनकडून ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एक मेगओहमच्या खाली काहीही आलं तर वायर पाइपमध्ये सोललेली आहे, ती तेव्हाच बदलून घ्या. नव्या वायरीत आकडा याच्या कितीतरी वर येतो. मेगर लावताना अँप, टीव्ही, राउटर सगळं प्लगमधून काढलेलं हवं. बोर्ड बसल्यावर लोड चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर मीटर रूमपर्यंत जाऊन न्यूट्रलचे जॉइंट तपासायला लावा. आकडे इथे टाका, बघून सांगतो.